ए. ए. मिल्न : कापडी अस्वलाचे चरित्रकार

ॲलन अलेक्झांडर मिल्न यांचा जन्म १८ जानेवारी १८८२ रोजी लंडन येथे झाला. वडील एक लहानशी खासगी शाळा चालवीत. पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती मिळविणारे एच. जी. वेल्स काही काळ तेथे शिक्षक होते आणि छोटा ॲलन त्यांचा विद्यार्थी. केंब्रिजला मिल्न यांनी गणित घेतले; मन मात्र लेखनात रमले. १९०६ मध्ये ते ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे साहाय्यक संपादक झाले. पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवर जे पाहिले, त्यातून युद्धाविषयीची घृणा त्यांच्या मनात कायमची रुजली. त्यानंतर नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले.

१९२० साली पुत्र ख्रिस्तोफर रॉबिन जन्मला. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला हॅरॉड्स या दुकानातून एक अस्वल आणले गेले. पाठोपाठ डुकराचे पिल्लू, गाढव, कांगारू आणि वाघ आले. खेळून खेळून गाढवाची मान लुळी पडली आणि ते उदास दिसू लागले. पुस्तकातील गाढवाचा खिन्न स्वभाव त्या लुळ्या मानेतूनच आला. मिल्न स्वतः मुलांत सहज मिसळणारे नव्हते. मुलाचा दिवस दाईच्या सहवासात जाई, खेळण्यांना आवाज देई ती आई. वडील दुरून पाहत राहिले. पण ते पाहणे किती बारकाईचे होते! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील विनी या अस्वलीचे नाव मुलाने आपल्या अस्वलाला दिले आणि १९२६ मध्ये ‘विनी द पू’ प्रसिद्ध झाले.

या यशात चित्रकार ई. एच. शेपर्ड यांचा वाटा शब्दांहून कमी नाही. गंमत अशी, की पूची चित्रे काढताना त्यांच्यासमोर होते ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचे अस्वल. म्हणजे जगाला ठाऊक असलेला पू दोन मुलांच्या प्रेमाने झिजलेला आहे.

१९२८ च्या ‘द हाउस ॲट पू कॉर्नर’नंतर मिल्न यांनी पूकथा थांबविल्या. मुलाचे खरे नाव पुस्तकांतून जगभर पोहोचले होते आणि वसतिगृहाच्या शाळेत त्याच नावावरून सहाध्यायी त्याला छळू लागले. आपले बालपण आपल्यापाशी उरले नाही, ही सल ख्रिस्तोफरला दीर्घकाळ बोचत राहिली आणि पितापुत्रांत अंतर पडले. इकडे मिल्न यांनाही आपली नाटके विस्मृतीत जात असल्याचे दुःख होते. मोठ्यांसाठी लिहिलेल्या पानांचा त्या अस्वलापुढे टिकाव लागला नाही.

३१ जानेवारी १९५६ रोजी मिल्न निवर्तले. ख्रिस्तोफरने डार्टमथ येथे पुस्तकांचे दुकान चालविले. ती जुनी खेळणी त्याने परत मागितली नाहीत. ती आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेच्या कपाटात आहेत. कांगारूचे पिल्लू रू मात्र त्यांत नाही. ते फार पूर्वीच, १९३० च्या दशकात, सफरचंदाच्या बागेत हरवले.