हरवलेल्या वाटेचा कादंबरीकार : आलँ-फुर्निए

मध्य फ्रान्समधील एका खेड्यात ३ ऑक्टोबर १८८६ रोजी आंरी-आल्बाँ फुर्निए यांचा जन्म झाला. आई-वडील दोघेही शिक्षक. एपिनय गावी शाळेतच बिऱ्हाड होते. वार्षिक बक्षिसांसाठी आलेली पुस्तके इतर मुलांच्या हाती पडण्यापूर्वीच आंरी आणि धाकटी बहीण इझाबेल त्यांचा फडशा पाडीत. पुढे ‘आलँ-फुर्निए’ या नावाने ते लेखक झाले, त्याचे बीज या आगाऊ वाचनात शोधण्यास हरकत नसावी.

१ जून १९०५ रोजी पॅरिसमध्ये चित्रप्रदर्शनातून बाहेर पडताना एक तरुणी त्यांच्या दृष्टीस पडली. तिचे नाव योव्हॉन. दहा दिवसांनी तिच्याशी थोडे बोलणे झाले, इतकेच. १९०७ मध्ये तिचा विवाह झाल्याचे कळले. प्रवेशपरीक्षेतील अपयश, लष्करी सेवा, वृत्तपत्रातील लेखन असे दिवस जात राहिले, परंतु ती भेट मनातून गेली नाही. १९१३ साली ती पुन्हा भेटली, तेव्हा ती दोन मुलांची आई होती. त्याच वर्षी ‘ल ग्राँ मोन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वाट चुकलेला मोन नावाचा शाळकरी मुलगा एका अनोळखी वाड्यातील उत्सवात पोहोचतो, तेथे योव्हॉनला पाहतो आणि परतल्यावर ती वाट त्याला पुन्हा सापडत नाही. मोनची ही हकीकत त्याचा वर्गमित्र, शिक्षकाचा मुलगा, सांगतो. गाँकूर पारितोषिक मात्र थोडक्यात हुकले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. २२ सप्टेंबर १९१४ रोजी व्हर्दूँजवळच्या जंगलात लेफ्टनंट फुर्निए आपल्या तुकडीसह नाहीसे झाले. अठ्ठाविसावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. पूर्ण झालेली कादंबरी ही एकच.

भावाच्या स्मृतीचा सांभाळ इझाबेल यांनी केला. चित्रपटास त्यांनी अनेक वर्षे संमती दिली नव्हती. अखेर १९६७ मध्ये झाँ-गाब्रिएल आल्बिकोको यांचा चित्रपट आला. त्याच्या पटकथेत वृद्ध इझाबेल यांचा हात होता आणि योव्हॉनची भूमिका ब्रिझित फॉसे यांनी केली. दिग्दर्शकाने बरीच दृश्ये धूसर भिंगांतून टिपली. ती मोहक आहेत खरी, परंतु फुर्निए यांना एवढ्या धुक्याची गरज पडली नव्हती. चिखलाचे रस्ते, घोडागाडी आणि शाळेची पडवी यांतूनच त्यांनी गूढ उभे केले होते.

१९७१ मध्ये इझाबेल निवर्तल्या. भावाचे काय झाले हे त्यांना निश्चित कळले नाही. १९९१ मध्ये त्या जंगलात एक सामूहिक दफनस्थान सापडले. त्यात फुर्निए आपल्या वीस सहकाऱ्यांसह होते. पुढील वर्षी सँ-रेमी गावच्या दफनभूमीत त्यांना नावानिशी जागा मिळाली.