अर्धा शहाणा : नाना फडणीस

पेशवाईतील साडेतीन शहाणे कोणास ठाऊक नाहीत? त्यांतील तिघे पूर्ण आणि नाना फडणीस अर्धे. कारण नानांच्या हाती लेखणी होती, तलवार नव्हती. परंतु त्या लेखणीने काय साधले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः पुढे लेखापरीक्षक होण्याची आकांक्षा धरणाऱ्यांनी, अवश्य पाहावे.

बाळाजी जनार्दन भानू हे नानांचे मूळ नाव. घराणे कोकणातील वेळासचे. जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. १७५६ साली वडील निवर्तले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशीचा भार नानांच्या शिरावर आला. १७६१ साली पानिपतच्या रणधुमाळीत त्यांनी आपली माता गमावली आणि ते स्वतः कसेबसे जीव वाचवून परतले. त्यानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, कर्जाने वाकलेल्या राज्याचा जमाखर्च सांभाळता सांभाळता त्यांची बुद्धी परिपक्व झाली.

त्या काळची हिशेबतपासणीची पद्धती मोठी मार्मिक होती. वर्षारंभी मामलतदारास उत्पन्नाचा व खर्चाचा अंदाज नेमून दिला जाई. वर्षअखेरीस त्याने हुजुरास हिशेब सादर करावा आणि फडावरील कारकुनांनी तो बारकाईने तपासावा, असा शिरस्ता होता. शिवाय मामलतदाराच्या कचेरीत फडणीस, मुजुमदार, पोतनीस आदी दरखदार असत. त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार मामलतदारास नसे. ज्याच्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याच हाती आपली भाकर असू नये, हे लेखापरीक्षणाचे मर्म आमच्या पूर्वजांनी ओळखले होते. नानांनी हे दफ्तर अधिक व्यवस्थित केले. मोडी लिपीतील ते कागद आजही पुण्यास जतन केलेले आहेत.

१७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि पुढे बारभाईंच्या कारभाराची सूत्रे हळूहळू नानांच्या हाती एकवटली. १७८२ चा सालबाईचा तह आणि १७९५ चा खर्ड्याचा विजय ही त्यांच्या मुत्सद्देगिरीची फळे होत.

परंतु चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे. नानांच्याच आश्रयाने पुण्याचा कोतवाल झालेल्या घाशीरामाने प्रजेस छळले. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले अनेक निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा कोठे नगरात क्षोभ उसळून त्याचा अंत झाला. दूरच्या परगण्यातील पैशाची चूक हुडकणाऱ्या नजरेस आपल्या दाराशी चाललेला जुलूम वेळीच दिसला नाही! सर्वांचे हिशेब नाना पाहत. नानांचा हिशेब पाहणारा मात्र कोणी उरला नव्हता.

पुढे १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी त्यांस कैद केले. दुसऱ्या वर्षी सुटका झाली, परंतु १३ मार्च १८०० रोजी नानांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्याचा सपाटा लाविला. जुनी तपासणी ढासळली, रयत नागवली गेली आणि १८१८ साली राज्यच बुडाले.

विद्यार्थी मित्रहो, वहीतील प्रत्येक आकड्यामागे कोणा तरी शेतकऱ्याचा घाम असतो. तो आकडा निर्भयपणे तपासा आणि स्वतःची वहीही दुसऱ्यापुढे उघडी ठेवा. अर्ध्या शहाण्याचे शहाणपण पूर्ण करावयाचे असेल, तर त्यास हाच मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.