पिलू पोचखानवाला

पिलू पोचखानवाला (१ एप्रिल, १९२३ – ७ जून, १९८६) या मुंबईतील भारतीय शिल्पकार होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात आधुनिक शिल्पकलेकडे वळलेल्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

== जीवन ==
त्यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. १९४५ मध्ये मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या जाहिरात क्षेत्रात काम करू लागल्या. १९५१ मध्ये कामानिमित्त युरोपचा प्रवास घडला. तेथील आधुनिक शिल्पे पाहून त्यांनी शिल्पकार होण्याचे ठरवले. कलाशाळेतील रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, शिल्पकार ना. ग. पानसरे यांचे मार्गदर्शन मात्र त्यांना लाभले.

== शिल्पे ==
आरंभीच्या शिल्पांत मानवाकृती, विशेषतः स्त्रीदेह, हा मुख्य विषय होता. त्यांवर हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ यांचा प्रभाव दिसतो. पुढे आकृती लोपत गेली आणि वस्तुमान, पोकळी व तोल यांनाच महत्त्व आले. लाकूड, दगड आणि शिसे हाताळल्यानंतर त्या धातूच्या भंगाराकडे वळल्या आणि त्याचे तुकडे वितळजोड करून शिल्पे घडवू लागल्या.

मुंबईच्या चौकांत तोवर प्रामुख्याने राज्यकर्ते व नेते यांचे पुतळे असत. हाजी अली येथील चौकात उभारलेले त्यांचे ‘स्पार्क’ हे शिल्प कोणा व्यक्तीचे स्मारक नव्हते. केवळ आकाराच्या बळावर उभ्या असलेल्या या अमूर्त कलाकृतीमुळे रस्त्याने जाणाऱ्या सामान्य नागरिकासमोर आधुनिक शिल्प आले.

== कलाविषयक कार्य ==
मुंबईत आधुनिक कलेसाठी कायमस्वरूपी सार्वजनिक जागा असावी, यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. बॉम्बे आर्ट फेस्टिव्हलच्या आयोजनातही त्यांचा पुढाकार होता. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ मध्ये पूर्ण झाले होते. सभा व मैफलींसाठी नावाजलेली ही वास्तू कालांतराने दुर्लक्षित झाली. तिचे संग्रहालयात रूपांतर व्हावे, यासाठी पोचखानवाला, केकू गांधी आणि इतर कलाप्रेमींनी पाठपुरावा केला.

या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी दहा वर्षे पोचखानवाला यांचे निधन झाले होते.