बोलणारी तार : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

आपल्या उदगीरच्या किल्ल्यातील बुरुजावर रात्री मशाल धरून दूरच्या माणसास खूण करावयाची आहे, अशी कल्पना करा. मशाल एक तर दिसेल, नाही तर दिसणार नाही. तिसरी गोष्ट संभवत नाही. एकदा दाखविली तर एक अर्थ, दोनदा दाखविली तर दुसरा, असा संकेत आधी ठरविला म्हणजे काम भागते. उलट त्याच बुरुजावरून कोणी हाक मारली, तर हाकेबरोबर मारणाऱ्याचा राग, भीती, वय, फार काय त्याची सर्दीदेखील ऐकणाऱ्यास कळते; मात्र अंतर वाढेल तसतशी ती हाक क्षीण होत जाऊन वाऱ्याच्या आवाजात मिसळून जाते. तुटक खुणांच्या पहिल्या रीतीस आज डिजिटल म्हणतात व अखंड चढउतारांच्या दुसरीस ॲनालॉग. विजेच्या तारेवरून मनुष्याचे बोलणे या दुसऱ्या रीतीने नेऊन दाखविणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचे हे अल्प चरित्र आहे.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. आजोबा व वडील दोघेही शुद्ध उच्चाराचे शिक्षण देणारे. आई पियानो उत्तम वाजवीत असे, परंतु तिला जवळजवळ ऐकू येत नसे. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या स्वरात बोलले असता तिला ते उमगते, हे या मुलाच्या लवकरच ध्यानी आले. ध्वनी म्हणजे कंप, हा धडा त्यास असा घरातच मिळाला. पुढे त्याचे दोघे भाऊ क्षयाने वारले. उरलेला एकुलता मुलगा तरी वाचावा म्हणून आईबापांनी १८७० साली देश सोडून कॅनडाची वाट धरली. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बॉस्टन शहरी मुक्याबहिऱ्या मुलांस बोलावयास शिकवू लागला.

तो काळ तारायंत्राचा होता. मोर्सच्या संकेतात प्रवाह चालू किंवा बंद एवढेच. थोडा वेळ चालू राहिला तर बिंदू, अधिक वेळ राहिला तर रेघ, आणि त्यांवरून अक्षरे. एकाच तारेतून एकाच वेळी अनेक संदेश धाडण्याची युक्ती जो काढील, त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरील, असे दिवस होते. बेलने निरनिराळ्या सुरांच्या पोलादी पट्ट्या कंपित करून हे साधण्याचा प्रयत्न आरंभिला. हबर्ड व सँडर्स या दोन गृहस्थांनी त्यास द्रव्यसाह्य दिले. दोघांचीही अपत्ये बहिरी असून बेलजवळ शिकत होती. हबर्डसाहेबांचा आग्रह असा, की त्याने तारायंत्राचेच काम पुरे करावे, बोलण्याचे खूळ सोडावे. त्यांची कन्या मेबेल हिच्यावर बेलचे मन जडले होते. तेव्हा हा आग्रह मोडणे किती अवघड, हे सांगावयास नको.

तथापि बेलचे लक्ष भलतीकडेच लागले होते. १८७४ च्या उन्हाळ्यात त्याने एका मृत मनुष्याचा कान मिळवून त्याच्या हाडास गवताची काडी चिकटविली, आणि कानापाशी बोलताच काजळी धरलेल्या काचेवर ती काडी नागमोडी रेषा काढू लागली. एवढासा पातळ पडदा जर हाडे हलवितो, तर पडदा लोखंडाची चकती का हलविणार नाही? बोलताना हवा जशी दाट-विरळ होते, अगदी तसाच तारेतील प्रवाह कमीअधिक झाला पाहिजे. तो तुटता कामा नये. सारे मर्म या एका गोष्टीत होते. जर्मनीत फिलिप राइस याने १८६१ सालीच एक यंत्र दाखविले होते. परंतु त्यात प्रवाह जोडला-तोडला जाई, त्यामुळे सूर पोहोचे, शब्द मात्र नीट उमटत नसत.

२ जून १८७५ रोजी एक पट्टी अडकून बसली. बेलचा मदतनीस टॉमस वॉटसन याने ती बोटाने छेडली, तोच दुसऱ्या खोलीत बेलच्या कानी त्या पट्टीचा झणत्कार उपसुरांसह आला! तपासून पाहता स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला गेल्याने प्रवाह तुटलाच नव्हता. पट्टीच्या कंपांबरोबर तो केवळ हेलकावत होता. हा योगायोग खरा. पण कान तयार नसता तर वॉटसनच्या हातून काहीतरी बिघडले एवढेच बेलला वाटले असते.

१४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलच्या वतीने पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे याचीही तशीच सूचना त्या कचेरीत आली! ७ मार्चला पेटंट मिळाले आणि १० मार्चला बेलने दुसऱ्या खोलीतील वॉटसनला तारेवरून बोलावून घेतले. त्या दिवशीच्या यंत्रात आम्लयुक्त पाण्याचा उपयोग केलेला होता व ग्रेच्या कागदांतही तीच कल्पना होती, यास्तव संशयाचे धुके आजही पुरते निवळलेले नाही. पुढे शेकडो खटले झाले. अखेर १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेलच्या बाजूने निकाल दिला. तुटणारा प्रवाह व हेलकावणारा प्रवाह यांतील भेद हा त्या वादाचा गाभा होता. तोपर्यंत आपल्याकडे मुंबईस १८८२ मध्येच टेलिफोनचे केंद्र उघडलेले होते.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. हेलकावणाऱ्या प्रवाहाचा दोष हाकेसारखाच असतो. दूर जाता तो क्षीण होतो. वाटेत त्याचे बळ वाढवावे तर त्यात मिसळलेली खरखरही वाढते. ट्रंककॉलवर आपली वडील मंडळी ओरडून बोलत, ती उगीच नव्हे. यावर १९३७ च्या सुमारास इंग्लंडच्या ॲलेक रीव्ह्ज याने उपाय सुचविला, तो असा, की आवाजाची उंची सेकंदास हजारो वेळा मोजावी व ते आकडे प्रवाहाच्या चालू-बंद ठोक्यांनी धाडावे. ठोका पुसट झाला तरी तो आहे की नाही एवढेच ओळखावयाचे, आणि पुढे नवा कोरा ठोका पाठवावयाचा. १९६२ साली बेलच्याच नावाच्या कंपनीने ही पद्धत अमेरिकेत वापरात आणली. मोजमाप सेकंदास ८००० वेळा होई. म्हणजे ज्या तुटक प्रवाहास मागे सारून बेलने कीर्ती मिळविली, तोच अखेर त्याच्या टेलिफोनात शिरला! मात्र बोलणाऱ्याच्या तोंडाशी व ऐकणाऱ्याच्या कानाशी आजही बेलचाच हेलकावा लागतो, कारण मनुष्याचा कान आकडे ऐकत नाही.

११ जुलै १८७७ रोजी बेल व मेबेल यांचा विवाह झाला. नवऱ्याचे यंत्र तिला जन्मभर ऐकू आले नाही. १८८० मध्ये त्याने प्रकाशकिरणावरून बोलणे धाडून दाखविले; टेलिफोनपेक्षा त्यास याच शोधाचा अभिमान अधिक. त्याच साली मिळालेल्या व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक त्याने संशोधनास लाविले. अंध व बधिर हेलन केलर हिचा तो थोर स्नेही, व तिने आपले आत्मचरित्र त्यालाच अर्पण केले. बहिऱ्यांच्या हातखुणांच्या भाषेस त्याने केलेला विरोध मात्र आमच्या मते अन्यायाचा होता, आणि बहिऱ्या लोकांनी तो अद्याप विसरलेला नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील बॅडेक येथे मधुमेहाच्या विकाराने तो वारला, तेव्हा मेबेल त्याच्याजवळ होती. दोन दिवसांनी त्याच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील सारे टेलिफोन एक मिनिटभर बंद ठेवण्यात आले होते.