गंजिफांचे राजेसाहेब

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तिला सावंतवाडी दरबाराचा आश्रय होता. त्याच आश्रयाने तिथल्या चितारी मंडळींनी दशावतार छोट्या गोल पानांवर उतरवले. या पानांना गंजिफा म्हणतात. त्या वाचवण्यात मोठा वाटा असलेले श्रीमंत शिवरामराजे भोसले यांची ही ओळख.

राजेसाहेबांचा जन्म १९२७ चा. १९३७ साली वडील बापूसाहेब महाराज निवर्तले आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर राजमुकुट आला. कारभार राजमातेने पाहिला. राजेसाहेब वयात आले, तोच १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे लोकांनीच त्यांना विधानसभेत पाठवले.

राज्य गेले त्याबरोबर कारागिरांचा आश्रयही गेला. गंजिफा रंगवणारे हात थोडेच उरले. तेव्हा राजेसाहेब आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या समजून घेतली. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसल्या. राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू झाला आणि तरुण मुलेमुली तिथे शिकू लागली.

पण पाने रंगवली म्हणजे खेळ आला असे नव्हे. दशावतारी गंजिफांत १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. खेळणारे तिघे, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. नवशिक्याची फजिती होते ती इथेच. ज्याचे हात अधिक तो जिंकला. तीनपत्तीत किंवा पोकरमध्ये हलके पान असूनही हूल देऊन डाव मारता येतो. इथे कोणते पान पडले, कोणते उरले, हे ध्यानात ठेवल्यावाचून गती नाही.

राजेसाहेब १९९५ साली गेले, राणीसाहेब २०१८ साली. वाड्यात पाने आजही रंगतात. पर्यटक ती घेतात आणि भिंतीवर लावतात. दहाव्या वर्षी राजा झालेल्या आणि विशीतच राज्य सोडलेल्या या माणसाने हे चिमुकले राजे आपल्या हाती सोपवले आहेत. ते चौकटीत बसवून ठेवायचे, की तिघांनी मिळून एखाद्या दुपारी डाव मांडायचा, हे आपण ठरवायचे आहे.