अब्राहम लो : रुग्णांना एकमेकांचा आधार देणारे डॉक्टर

आजच्या पोलंडमध्ये १८९१ साली जन्मलेले डॉ. अब्राहम लो व्हिएन्नात शिकून पुढे शिकागोत मनोविकारतज्ज्ञ झाले. गंभीर मानसिक आजारातून सावरून घरी परतलेले रुग्णही स्वतःला कमी लेखतात, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९३७ मध्ये माजी रुग्णांना घेऊन त्यांनी ‘रिकव्हरी’ ही संघटना उभारली. बैठकीत एकजण रोजच्या जगण्यातला साधा प्रसंग सांगे : त्रास कधी जाणवला, आपण कसे सावरलो. मग इतर त्यावर बोलत. असे इतरांनाही होते, हे कळले की मनातली लाज ओसरू लागे. यश मिळो न मिळो, प्रयत्नाबद्दल स्वतःला शाबासकी द्यावी, ही लो यांची शिकवण होती. १९५२ मध्ये त्यांनी बैठकांची सूत्रे सदस्यांकडेच सोपवली. १९५४ मध्ये ते वारले. बैठका मात्र सुरूच राहिल्या.