सत्यनिष्ठ शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स

शाळेतून बाहेर पडून विज्ञान शाखेकडे वळलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ख्रिस्तियान हायगेन्स हे नाव बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटलेले असते. प्रकाशतरंगांविषयीचे त्यांचे तत्त्व पाठ होते, परीक्षा संपते आणि नाव मागे पडते. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला त्या तत्त्वाइतकाच त्यामागील माणूस महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्याच शोधाला बाधक ठरणारे सत्य जगापुढे ठेवण्याचे धैर्य या माणसापाशी होते.

हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधील हेग येथे झाला. वडील कॉन्स्टंटाइन हे नामांकित कवी आणि राजनीतिज्ञ होते. तत्त्वज्ञ देकार्त यांच्यासारख्यांचा त्या घराशी स्नेह होता. मुलाने मुत्सद्दी व्हावे या हेतूने वडिलांनी त्याला लायडन विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी धाडले. मुलाचे मन मात्र गणितात रमले. सुखवस्तू घरात जन्मूनही हाताने काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. भावाच्या साथीने ते स्वतः भिंगे घासत. अशा घरी केलेल्या दुर्बिणीतून १६५५ मध्ये त्यांनी शनीचा टायटन हा उपग्रह शोधला आणि १६५९ मध्ये शनीभोवती दिसणाऱ्या गूढ आकृतीचा उलगडा कड्याच्या रूपाने केला.

त्या काळची घड्याळे दिवसाला सुमारे पंधरा मिनिटे चुकत. १६५६ मध्ये हायगेन्स यांनी लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि ही चूक काही सेकंदांवर आली. समुद्रावर याचे मोल फार मोठे होते. जहाज पूर्व-पश्चिम दिशेत नेमके कोठे आहे हे कळण्यासाठी मूळ बंदरातील अचूक वेळ ठाऊक असावी लागते. चार मिनिटांची चूक म्हणजे रेखांशाच्या एका अंशाची चूक. आपले घड्याळ खलाशांचा हा प्रश्न सोडवील, अशी हायगेन्स यांची आशा होती. लंडनची रॉयल सोसायटीही त्याकडे डोळे लावून बसली होती.

फेब्रुवारी १६६५ मध्ये ते आजारी पडून अंथरुणाला खिळले होते. खोलीत समुद्रप्रवासासाठी बनवलेली दोन घड्याळे शेजारी शेजारी टांगलेली होती. त्यांच्या ध्यानात आले की, दोन्ही लंबक अगदी एका ठेक्यात, परंतु परस्परविरुद्ध दिशांना झुलत आहेत. मुद्दाम त्यांची लय बिघडवली तरी अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा जुळे. लंबकांमुळे हलणारी हवा हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा पहिला तर्क होता. त्यांनी तो तपासून पाहिला आणि चुकीचा आढळताच सोडून दिला. खरे कारण ज्या लाकडी आधारावर दोन्ही घड्याळे टांगली होती त्यात होते. डोळ्यांना न दिसणारी त्याची सूक्ष्म हालचाल एका घड्याळाची लय दुसऱ्यापर्यंत पोचवीत होती.

हा शोध त्यांच्याच आशेवर पाणी फिरवणारा होता. इतक्या सूक्ष्म हालचालीने ज्याची गती बदलते, ते घड्याळ डोलणाऱ्या जहाजावर कसे टिकणार, अशी शंका रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांनी घेतली. ही माहिती त्यांना पुरवली होती ती स्वतः हायगेन्स यांनीच. ते गप्प राहिले असते तर कोणाला कळले नसते. सागरी घड्याळाचे त्यांचे स्वप्न लंबकाने पुरे झाले नाही, पण त्यांचे निरीक्षण मात्र अबाधित राहिले.

१६६६ मध्ये फ्रान्सच्या नव्या विज्ञान अकादमीत त्यांना मानाचे स्थान मिळाले. पॅरिसमध्येच त्यांनी प्रकाशाचा तरंग-सिद्धांत मांडला. पुढे सरकणाऱ्या तरंगाचा प्रत्येक बिंदू नव्या लहान तरंगाचा उगम होतो आणि या लहान तरंगांना एकत्र स्पर्शणारी सीमा म्हणजे तरंगाची पुढची स्थिती, असे ते तत्त्व होय. प्रकृती साथ देईना म्हणून १६८१ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य हिरावले गेले आणि प्रॉटेस्टंट घराण्यातील हायगेन्स पॅरिसला पुन्हा गेले नाहीत. प्रकाशावरील त्यांचा ग्रंथ १६९० मध्ये प्रसिद्ध झाला. ८ जुलै १६९५ रोजी हेग येथे त्यांचे निधन झाले. न्यूटन यांच्या कणवादाच्या दबदब्यामुळे तरंग-सिद्धांत शंभर वर्षांहून अधिक काळ झाकोळला. एकोणिसाव्या शतकात यंग आणि फ्रेनेल यांनी तो पुन्हा उभा केला.

घड्याळांची जुळणारी लय आणि प्रकाशाचे तरंग हे हायगेन्स यांचे दोन शोध त्यांच्या हयातीत वेगवेगळेच राहिले. त्यांची गाठ पडली ती लेसरच्या युगात. १९६० मध्ये पहिला लेसर तयार झाला. पुढे अर्धवाहकाचे अतिशय लहान लेसर एकाच चकतीवर ओळीने बसवले जाऊ लागले. असे दहा लेसर आपापल्या लयीत चालले, तर झोताच्या मध्यभागी तेज दहापट मिळते. सर्वांची लय जुळली, तर तेच शंभरपट होते, कारण झोत अरुंद होऊन प्रकाश एका जागी एकवटतो. लय जुळवण्याचे काम येथे लाकडी आधाराऐवजी एका लेसरमधून शेजारच्या लेसरमध्ये झिरपणारा प्रकाश करतो. मात्र शेजारी लेसरही पुष्कळदा त्या दोन लंबकांप्रमाणे उलट लयीत स्थिरावतात. मग मध्यभागी अंधार पडतो आणि झोत दुभंगतो. म्हणून दोन लेसरमधील अंतर आणि रचना फार विचारपूर्वक ठरवावी लागते.

या कामी फोटॉनिक स्फटिक उपयोगी पडतो. याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे त्याची कल्पना मांडली. अर्धवाहकाच्या पातळ पापुद्र्यात ठरावीक अंतराने सूक्ष्म छिद्रांच्या रांगा पाडल्या की विशिष्ट रंगाच्या प्रकाशाला त्यातून वाट मिळत नाही. मध्येच एखादे छिद्र गाळले, तर प्रकाश त्या जागी कोंडला जातो आणि तेथे लेसर उभा राहू शकतो. असा लेसर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात साकार झाला. अशा जागा शेजारी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींशी लय जुळवू लागतात, आणि त्यांचा एकत्रित झोत कोठे तेजाळेल हे समजून घेताना हायगेन्स यांच्या लहान तरंगांचेच तत्त्व हाताशी येते.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. प्रयोगशाळेत अपेक्षेशी न जुळणारा आकडा आला की तो खोडून पुस्तकातला आकडा लिहिण्याचा मोह आपल्या मुलांना होतो. हायगेन्स यांनी न जुळणारी गोष्ट लपवली नाही. ती तपासली, स्वतःचा चुकलेला तर्क मागे घेतला आणि तोटा सोसून सत्य कळवले. मुलांच्या प्रयोगवहीत तो आकडा तसाच राहू द्यावा आणि त्याचे कारण त्यांच्यासोबत बसून शोधावे.